ठोंब

लेनोराने ती कधी घरात आणली नाही.
फुलदाणीत ठेवली की तासाभरात खोलीभर
न धुतलेल्या मोज्यांचा वास,
आणि त्या वासावर माश्या. मधमाश्या नव्हेत,
साध्या, स्वयंपाकघरातल्या.
"लांबूनच देखणी," ती म्हणायची,
"तुझ्या भावासारखी."

ऑरेगनमधल्या या खोऱ्यात दुपारी वारा सुटतो
तेव्हा नासपतीची पानंसुद्धा पाठ दाखवतात.
हिचे देठ मात्र वाकून पुन्हा ताठ.
कुंपणाच्या दक्षिणेला, दिवसभर उन्हात,
कमरेएवढी डेझी:
तीन युरोपी रोपांचं रक्त, एकीचं जपानी,
कुणा जुन्या माळ्याने कुंचल्याने पराग फिरवून
जुळवलेलं लग्न.
एवढी पांढरी, की संध्याकाळी दिवे लावायच्या आधी
तेवढाच कोपरा दिसत राही.

मला बागेतलं काही कळत नव्हतं.
चाळीस वर्षं मी गोदामात खोकी मोजली.
ती गेल्यावर पाणी घालत राहिलो,
जास्तच घातलं,
आणि हिवाळाभर पावसाने वरून घातलं.
फोडून वेगळी करायची असते, हे कुणी सांगितलं नाही;
सांगितलं असेल, मी ऐकलं नाही.
तिसऱ्या वर्षी मधोमध टक्कल पडलं.
चौथ्या वर्षी कडेला दोन पानं.
मग तीही नाहीत.

शेवटच्या बहराची वाळकी बोंडं कॉफीच्या डब्यात होती.
मार्चमध्ये खिडकीत पेरली. उगवली, सगळी उगवली,
आणि पुढच्या जुलैत एकही तिच्यासारखी नाही.
एक गुडघ्याएवढी. एकीच्या पाकळ्या विरळ,
दात पडलेल्या पोरासारख्या.
एक तर फुललीच नाही.
खाण तशी माती म्हणतात;
या खाणीला आपली माती आठवतच नव्हती.
चारी आजी-आजोबा पोरांना
आपापल्या बाजूला ओढत होते.

मासाए ओकिमोतो कुंपणापलीकडून बघत असावी.
शहाऐंशी वर्षांची, बोलायला कंजूष.
एप्रिलमधल्या एका सकाळी आली ती खोकं घेऊन,
आमच्याच गोदामाचा शिक्का असलेलं,
आत ओल्या वर्तमानपत्रात चिखलाचा गोळा,
वर हिरवे कान.
"अकरा वर्षांपूर्वी लेनोराने दिला होता ठोंब.
दर तिसऱ्या वर्षी फोडते. मधलं जून टाकून देते."
"म्हणजे ही तिची लेक," मी म्हणालो.
"लेक नाही," मासाए म्हणाली. "तीच."
आणि मी ठोंब्यासारखा उभा,
हातात खोकं, खालून पाणी गळतंय बुटांवर.

तिने फावडं मागितलं. मी दिलं नाही, स्वतःच खणलं.
बोट दाखवून तिने दोनदा जागा बदलायला लावली.
वाळू मिसळ म्हणाली. गळ्यापर्यंत पुरू नकोस म्हणाली.
"आणि पाणी?"
"कमी."
जाताना वर्तमानपत्र घडी करून परत नेलं.

जूनच्या शेवटी पहिलं उघडलं.
ती विसरभोळी रोपंही शेजारीच आहेत, उपटली नाहीत;
त्यांचा काय दोष.
ओकिमोतोंचा पणतू त्या बोळक्या फुलापाशी थांबतो,
स्वतःचे दात मोजतो.

मी एकच देठ कापला,
तिचा नियम मोडून आत आणला,
ओट्यावर पाण्याच्या ग्लासात ठेवला.
तासाभराने वास आला. अगदी तोच.
खिडकी उघडायला उठलो.
उघडली नाही.
तरी एक माशी कुठून तरी आलीच,
पिवळ्या डोळ्यावर बसली
आणि हात चोळू लागली.